कळ थांबली म्हणजे खडा पडला काय?

मुतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली, त्याला ती कशी असते हे सांगावे लागत नाही. कमरेच्या एका बाजूला, बरगडीखाली दुखू लागते. तेथून कळ पुढे ओटीपोटात व जांघेत उतरते. माणसाला बसवत नाही, निजवत नाही. घाम फुटतो, उलट्या होतात, लघवी थेंब थेंब होते व कधी तांबूस दिसते.

हरमल, पेडणे, डिचोली या आपल्या भागात काजूच्या हंगामात डोंगरावर दिवसभर उन्हात काम असते. समुद्रावर रापण ओढणाऱ्यांचीही तीच गत. घाम भरपूर जातो, पाणी मात्र घरी परतल्यावरच पोटात पडते. अशा वेळी लघवी दाट होते व तिच्यातील क्षार एकत्र येऊन खडे बनण्यास वाव मिळतो. म्हणून हा विषय आपल्या शेतकरी घरांतील आहे.

मुतखडा झाला की आपल्याकडे दोन चुका होतात. काही जण 'आता पोट फाडणार' या भीतीने इस्पितळाची पायरीच चढत नाहीत. दुसरे काही एक सुई टोचून घेतात आणि कळ थांबली की सारे विसरून जातात. पहिली भीती बहुतेक वेळा निराधार असते. दुसरी बेफिकिरी मात्र एखादे मूत्रपिंड घालवू शकते. या पाठात आम्ही औषधाने खडा पडण्याची वाट केव्हा पाहावी, किती दिवस पाहावी आणि केव्हा मुळीच पाहू नये, हे सांगणार आहोत.

खडा कोठे अडतो?

आपल्या शरीरात दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकापासून एक बारीक नळी मूत्राशयापर्यंत जाते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. ती सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत आणि थोडी जास्त लांब असते. ती तीन ठिकाणी अरुंद आहे: मूत्रपिंडातून निघते तेथे, कमरेतील मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ओलांडते तेथे आणि मूत्राशयात शिरते तेथे. शेवटची जागा सर्वांत अरुंद. खडे बहुधा या तीन ठिकाणीच अडकतात.

मिरचीच्या मळ्यात आपण पाटाने पाणी सोडतो. पाटात दगड अडकला की खालच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, आणि वरच्या बाजूला ते तुंबून बांधावर चढते. मूत्रवाहिनीत खडा अडला की असेच होते. लघवी वर तुंबते, मूत्रपिंड फुगते व ताणले जाते. तो ताण म्हणजेच ती कळ. शिवाय मूत्रवाहिनी ही नुसती नळी नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात व ते लाटेसारखे आकुंचन पावून लघवी खाली ढकलतात. खड्याच्या जागी हे स्नायू आवळून बसतात आणि वाट आणखी अरुंद होते.

बहुतेक बारीक खडे आपोआप पडतात

खडा पडेल की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: त्याचा आकार आणि त्याची जागा. अमेरिका व युरोपमधील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २००७ साली अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे शंभरांपैकी सुमारे ६८ जणांचे आपोआप पडले. ५ ते १० मिलिमीटरचे खडे शंभरांपैकी सुमारे ४७ जणांचे पडले. खडा जितका खाली, मूत्राशयाजवळ, तितकी आशा जास्त. १० मिलिमीटरहून मोठा खडा आपोआप पडण्याची आशा फारच थोडी.

याकरिता खड्याचा आकार व जागा समजणे आवश्यक आहे. ती अंदाजाने कळत नाही. लघवीची तपासणी व सोनोग्राफी करावी लागते. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगले आहे की नाही ते चांगले दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा कित्येकदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर गरज वाटल्यास सी. टी. स्कॅन सांगतात. तो फुकटचा खर्च आहे असे समजू नये.

आधी कळ थांबवावी

कळीवर पहिले औषध म्हणजे डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक. ते दुखणे कमी करते आणि मूत्रपिंडातील ताणही उतरवते. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे, पोटात व्रण आहे, हृदयविकार आहे, तसेच ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. औषधालयातून गोळ्यांची पट्टी आणून आठवडाभर खात बसणे तर कोणीच करू नये. तुंबलेल्या मूत्रपिंडावर या गोळ्यांचा जादा भार पडतो.

कळ चालू असताना बादलीभर पाणी पिऊन खडा 'ढकलण्याचा' प्रयत्न आपल्याकडे पुष्कळ जण करतात. त्याने खडा लवकर पडतो असे आढळलेले नाही, उलट्या मात्र वाढतात. त्या वेळी तहान लागेल तसे थोडे थोडे पाणी प्यावे. भरपूर पाण्याचे महत्त्व पुढे, दुसरा खडा होऊ नये म्हणून आहे. ते आम्ही खाली सांगितलेच आहे.

खडा सरकवणारी गोळी

आता मुख्य मुद्दा. टॅमसुलोसिन नावाचे एक औषध आहे. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते व लघवी अडते, त्यावर ते प्रथम निघाले. हे औषध तेथील स्नायू सैल करते. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील स्नायूही याच औषधाने सैल होतात. तेव्हा डॉक्टरांच्या मनात आले की वाट सैल झाली तर खडाही लवकर खाली येईल. २००३ साली इटलीतील डॉक्टरांनी ६० रोग्यांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांचा खडा मूत्राशयाच्या तोंडाशी अडलेला होता. टॅमसुलोसिन घेतलेल्या सर्वांचे खडे पडले. दुसरे औषध घेतलेल्यांपैकी ७० टक्क्यांचेच पडले. यानंतर ही गोळी जगभर दिली जाऊ लागली.

परंतु साठ माणसांवरून सर्वांचा निर्णय करता येत नाही. एका वाफ्यात पीक चांगले आले म्हणून ते बियाणे सगळ्या गावाला चालेल असे शहाणा शेतकरी म्हणत नाही. पुढे मोठे प्रयोग झाले. त्यांत काहींना खरी गोळी व काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली गेली. कोणाला कोणती, हे रोग्याला किंवा डॉक्टरला माहीत नव्हते.

ब्रिटनमधील प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,१०० हून अधिक रोगी होते व खडे १० मिलिमीटरपर्यंतचे होते. चार आठवड्यांत ज्यांना पुढे कसलाही उपाय करावा लागला नाही, असे रोगी औषध नसलेल्या गोळीच्या गटात ८० टक्के, टॅमसुलोसिनच्या गटात ८१ टक्के आणि निफेडिपिन या तिसऱ्या औषधाच्या गटात ८० टक्के निघाले. म्हणजे फरक काहीच नाही. अमेरिकेत ५१२ रोग्यांवर झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही २८ दिवसांत खडा पडण्याचे प्रमाण ५० टक्के व ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते.

त्याच वर्षी चीनमधील सर्वांत मोठ्या प्रयोगाची माहिती छापली गेली. त्यात ३,२९६ रोगी होते. सर्वांचे खडे मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात व ४ ते ७ मिलिमीटरचे होते. टॅमसुलोसिन घेतलेल्या ८६ टक्क्यांचे खडे पडले, न घेतलेल्या ७९ टक्क्यांचे. हा फायदा ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत दिसला, लहान खड्यांत दिसला नाही.

मग खरे काय समजावे? पुन्हा पाटाचेच उदाहरण घेऊ. पाटात बारीक रेती असेल तर ती पाण्याबरोबर वाहून जाणारच. पाट रुंद केला काय आणि न केला काय, फरक दिसणार नाही. दगड पाटाहून फार मोठा असेल तर थोडे रुंद करूनही तो हलणार नाही. मधल्या आकाराचा दगड असेल तरच रुंद करण्याचा उपयोग. ब्रिटनमधील बहुतेक रोग्यांचे खडे ५ मिलिमीटरपर्यंतचेच होते. ते गोळीविनाही पडणारे होते. म्हणून आज युरोपातील तज्ज्ञांचा सल्ला असा आहे की खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात असेल व ५ मिलिमीटरहून मोठा असेल, तर ही गोळी देण्यात अर्थ आहे.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. बारीक खड्यासाठी डॉक्टरांनी ही गोळी दिली नाही, तर 'औषधच दिले नाही' असे म्हणून रागावू नये. आणि दिली असेल, तर ती खडा विरघळवते असेही समजू नये. ती फक्त वाट सैल करते.

गोळी घेताना

ही गोळी बहुधा ०.४ मिलिग्रॅमची, दिवसातून एकदा, रोज एकाच वेळच्या जेवणानंतर घ्यावयाची असते. ती चावू नये वा फोडू नये. हे 'पुरुषांचे औषध' म्हणून काही बायका ती घेण्यास लाजतात. लाजण्याचे कारण नाही, मूत्रवाहिनी सर्वांना सारखीच असते. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना आधी तसे सांगावे.

या गोळीने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, विशेषतः पहिल्या दिवसांत आणि निजलेले असताना एकदम उठल्यास. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. पाडेलीने हे औषध चालू असताना माडावर चढू नये. विहिरीच्या काठावर किंवा होडीत एकट्याने काम करू नये. दारू पिऊ नये, तिने चक्कर वाढते. पुरुषांना संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येण्याचा त्रास होऊ शकतो. तो गोळी थांबल्यावर जातो. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांनी ही गोळी घेतल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य सांगावे.

खडा पडण्याची वाट पाहताना लघवी गाळणीतून किंवा तलम फडक्यातून गाळावी. मिळालेला खडा फेकून न देता कागदाच्या पुडीत घालून डॉक्टरांकडे न्यावा. तो कशाचा आहे हे कळले तर पुढचा उपाय नेमका करता येतो. उदाहरणार्थ, युरिक आम्लाचा खडा लघवीचा आंबटपणा कमी करणाऱ्या औषधाने खरोखर विरघळू शकतो. आपल्यात जास्त आढळणारे कॅल्शियमचे खडे मात्र तसे विरघळत नाहीत.

कळ थांबली तरी तपासणी चुकवू नये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खडा पडला की कळ थांबते, हे खरे. परंतु खडा तेथेच असूनही कळ थांबू शकते. वाट पूर्ण बंद झाली की काही काळाने ते मूत्रपिंड लघवी करणे कमी करते. ताण उतरतो व दुखणे निवते. माणूस म्हणतो, बरे झाले. तो कामावर जातो. दुसरे मूत्रपिंड चांगले असल्यामुळे लघवीही नेहमीसारखी होते, कसला संशय येत नाही. इकडे अडलेले मूत्रपिंड आतल्या आत खराब होत जाते. अडवणूक पूर्ण असेल व आठवड्यांमागून आठवडे राहिली, तर ते नुकसान कायमचे असते.

म्हणून वाट पाहण्यास मुदत असते. ती साधारण चार ते सहा आठवड्यांची. या काळात डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करावी. खडा हातात मिळाला नसेल तर 'पडला असेल' असे धरून चालू नये. भातकापणी आहे, काजूची बोंडे गळून पडत आहेत, घरात लग्न आहे, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये. मुदतीत खडा पडला नाही, तर तो काढावा लागतो. त्यासाठीही आता बहुधा पोट फाडावे लागत नाही. लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण घालून लेसरने खडा फोडतात, किंवा बाहेरून लहरी सोडून फोडतात.

दुर्बिणीच्या उपचारानंतर काही वेळा आत एक मऊ नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ती ठरल्या तारखेला काढून घ्यावीच लागते. ती आत विसरली गेली तर तिच्यावरच खडे जमतात. तारीख घरातील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

मुळीच थांबू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळात जावे.

कळीबरोबर थंडी वाजून ताप. तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले की काही तासांत ते रक्तात पसरतात व जीव धोक्यात येतो. अशा वेळी आधी लघवीला वाट करून द्यावी लागते. गोळ्यांनी भागत नाही.

लघवी अजिबात बंद होणे. एकच मूत्रपिंड असणे, किंवा दोन्ही बाजूंना खडे असणे. गरोदरपण. औषध घेऊनही न थांबणारी कळ, किंवा पाणीही पोटात न ठरणाऱ्या उलट्या.

आणखी एक. साठीच्या पुढील माणसाला प्रथमच अशी कळ आली तर ती खड्याचीच आहे असे घरी ठरवू नये. पोटातील मोठी रक्तवाहिनी फुगून फुटू लागली तरी अशीच कळ येते.

रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आहे. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे. १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकशाळेची परंपरा तेथे चालू आहे. घरचे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड बरोबर न्यावे व आपला उपचार तीत बसतो का ते तेथेच विचारावे.

घरगुती उपायांविषयी

कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, शहाळ्याचे पाणी हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कढण आणि शहाळे यांनी पोटात पाणी जाते, ते चांगलेच. परंतु मूत्रवाहिनीत अडलेला खडा यांनी विरघळतो असे सिद्ध झालेले नाही. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, त्यांनी शहाळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. घरचा उपाय करावयाचा तर करा, पण तो तपासणीच्या ऐवजी करू नका.

बियर किंवा हुर्राक प्यायल्याने खडा धुऊन जातो, हा समज मात्र सोडून द्यावा. दारूने लघवी तेवढ्यापुरती जास्त होते आणि मग शरीरातले पाणी कमी पडते.

बिंबले आणि करमले यांचा रस औषध म्हणून पिणे तर धोक्याचे आहे. या दोन्ही फळांत ऑक्झलेट नावाचा क्षार फार असतो, व बहुतेक कॅल्शियमचे खडे याच क्षाराचे बनतात. बिंबलांचा दाट रस पिऊन मूत्रपिंडे बंद पडल्याचे रोगी केरळातील डॉक्टरांनी २०१३ साली नोंदवले आहेत. मासळीच्या आमटीत चार बिंबले टाकणे वेगळे आणि पेलाभर रस पिणे वेगळे.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. तो टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी. इटलीत १९९ रोग्यांवर पाच वर्षे पाहणी करून १९९६ साली निष्कर्ष छापले गेले. ज्यांना रोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले, त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. ज्यांना तसे सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी २७ टक्क्यांना झाला. तेव्हा किती तांबे प्यालो हे मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. ती फिकट, जवळजवळ पाण्यासारखी असावी. डोंगरावर जाताना कोयत्याबरोबर पाण्याची बाटली न्यावी व तासातासाला प्यावे. रात्री निजतानाही पेलाभर प्यावे. उपवासकाळात अन्न कमी केले तरी पाणी कमी करू नये. लिंबाचे पाणी चांगले, पण त्यात मीठ घालू नये.

मीठ कमी करावे. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. पावसाळ्याच्या पुरुमेतातील सुकी मासळी, खारातली कैरी, पापड, लोणची यांवर हात आखडता घ्यावा. मांसही बेताने खावे.

दूध बंद करू नये. 'खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध नको' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. जेवणातील कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरून ठेवते व ते शौचावाटे जाते. इटलीतच १२० पुरुषांवर झालेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत दूधदुभते कमी केलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. दूध नेहमीसारखे ठेवून मीठ व मांस कमी केलेल्यांपैकी २० टक्क्यांनाच झाला. पालक, तांबडी भाजी व काजूगर यांत ऑक्झलेट बरेच असते. ज्यांना ऑक्झलेटचा खडा झाला आहे, त्यांनी हे पदार्थ थोडे व दही-दुधाबरोबर खावेत.

थोडक्यात

१. खड्याचा आकार व जागा तपासणीने जाणून घ्यावी.
२. बारीक खडे बहुधा आपोआप पडतात. गोळीचा उपयोग खाली अडलेल्या, ५ मिलिमीटरहून थोड्या मोठ्या खड्याला होतो.
३. ताप आला किंवा लघवी बंद झाली तर तत्काळ इस्पितळ गाठावे.
४. चार ते सहा आठवड्यांच्या मुदतीत, दुखत नसले तरी, पुन्हा तपासणी करावी.
५. खडा पडल्यावर पाणी वाढवावे, मीठ कमी करावे, दूध चालू ठेवावे.

घरात वा गटात बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणाला पूर्वी खडा झाला होता काय? तो पडल्याची खात्री तपासणीने केली होती, की कळ थांबली एवढ्यावरच सोडून दिले?
२. काजूच्या बागेत, शेतावर किंवा रापणीवर आपल्याबरोबर काम करणाऱ्यांना प्यायचे पाणी जवळ मिळते काय? नसेल तर त्याची सोय कोण करील?
३. रात्री ताप भरून कळ आली तर रोग्याला इस्पितळात कोण नेईल व कार्ड-कागद कोठे ठेवले आहेत, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे काय?